आजोबांची गाडी भंगारात काढण्यापूर्वी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या वाड्यात आजोबांची जीप धूळ खात उभी असते. पावसाळे झेलून मडगार्ड आणि तळ गंजलेला असतो. नातू म्हणतो, "पत्रा फेका, नवी बॉडी बांधू." घाई नडते ती इथेच.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या दुचाकीला किंवा प्रवासी चारचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. मात्र चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपातच हवे. धंद्यासाठी अशी गाडी वापरता येत नाही.

म्हणून आधी पत्र्यावरून लोहचुंबक फिरवावा. तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. गंजलेला तेवढाच भाग कापून, पुठ्ठ्याचा नमुना काढून, त्याच जाडीच्या पत्र्याचे ठिगळ लावावे. वेल्डिंगचे टाके अंतराअंतरावर घातले, तर उष्णतेने पत्रा वाकत नाही. दरवाजा किंवा बॉनेट अगदीच गेले असेल, तर माप आणि फोटो घेऊन भंगारबाजारात त्याच मॉडेलचा भाग शोधावा.

डेंटरला चार दिवस जास्त लागतील. पण आजोबांची गाडी आजोबांचीच राहील.