निर्वासितांच्या पलीकडची कारणे

युरोपात अतिउजवे पक्ष केवळ २०१५च्या निर्वासितांच्या लोंढ्यामुळे वाढले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे सोयीचे आहे, पण अपुरे. जर्मनीच्या ‘एएफडी’चीच जन्मकथा पाहावी. २०१३ साली हा पक्ष निघाला तो युरो चलनाच्या आणि ग्रीसला दिलेल्या मदतीच्या विरोधात; त्याच्या संस्थापकांत चक्क अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते! स्थलांतराचा मुद्दा त्याला नंतर गवसला.

शिवाय तो सर्वाधिक फोफावला पूर्व जर्मनीत, जिथे परदेशी रहिवाशांचे प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे. १९९०च्या एकीकरणानंतर तिथले कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले आणि मागे उरलेल्यांच्या मनात आपण दुय्यम नागरिक असल्याचा सल राहिला. सप्टेंबर २०२४मध्ये याच भागातील थुरिंगिया राज्याच्या निवडणुकीत एएफडी जवळपास ३३ टक्के मते घेऊन पहिला आला.

आता अतिउजव्यांना कोणी रोखू शकत नाही, हा पत्रातील निष्कर्षही घाईचा. २०२४च्या संसदीय निवडणुकीत फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत मरीन ल पेन यांचा अतिउजवा पक्ष आघाडीवर होता. दुसऱ्या फेरीआधी, विरोधी मते फुटू नयेत म्हणून, डाव्या आणि मध्यममार्गी गटांच्या दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली, आणि ल पेन यांचा पक्ष मित्रपक्षांसह जागांच्या हिशेबात तिसऱ्या क्रमांकावर गेला.