एटीव्हीच्या नाकावरची बकेट

मागच्या शनिवारी मी माझ्या टीम लीडला मदत करायला गेलो आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलीवर अडीचशे किलो खडी ओतायचा राहिलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या रात्री झोप आली नाही, आणि झोप आली नाही की इंजिनिअर माणूस गणितं करत बसतो. त्या गणितातून जे निघालं ते आज लिहितोय.

टीम लीड राहतो विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या बाहेर. पाच एकर जागा, दोन घोडे, आणि मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत चढत जाणारा खडीचा रस्ता. इथला हिवाळा संपला की गोठलेली जमीन सुटते आणि त्या रस्त्याची चाळण होते. म्हणून दर वर्षी एक ट्रक खडी येते. ट्रकला वळायला जागा वर गॅरेजपाशी, म्हणून ढीग पडतो वर. खड्डे मात्र सगळे खाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खडी खाली न्यायला त्याच्याकडे एटीव्ही आहे. एटीव्ही म्हणजे अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ती, चार फुगीर चाकांची आणि मोटरसायकलसारखं हॅंडल असलेली गाडी. इकडे शेतावर ती घरच्या सायकलसारखी वापरतात. हिवाळ्यात तिला पुढे बर्फ ढकलायचं पातं लावतात. त्याच दांड्यांवर पात्याऐवजी बकेट बसते. गाडीच्या पुढच्या विंचचा दोर बकेट वर-खाली करतो, आणि खटका ओढला की बकेट स्वतःच्या वजनाने पुढे झुकून रिकामी होते. हायड्रॉलिक वगैरे काही नाही. कुणा हुशार माणसाने गरजेपोटी केलेला जुगाड वाटावा असं साधं प्रकरण!

या बकेटबद्दल इथे दोन पक्ष आहेत. ट्रॅक्टरवाले म्हणतात, हे खेळणं आहे, यात काही दम नाही. एटीव्हीवाले म्हणतात, हा आमचा घरचा जेसीबी. माझं मत असं की दोघंही चुकतात, आणि दुसरा पक्ष जास्त धोकादायक पद्धतीने चुकतो. मी त्या शनिवारी दुसऱ्या पक्षात होतो.

झालं असं. पहिल्या चार-पाच खेपा अर्धी बकेट भरून केल्या. मजा आली. मग वाटलं, अर्धी का? बकेट एवढी मोठी दिलीये ती भरायलाच ना? काठोकाठ भरली. विंचने कुरकुर न करता उचलली. पुढचं नीट दिसेना म्हणून मी सीटवरून जरा उठलो, आणि बकेट खाली रस्त्याला घासू नये म्हणून ती अजून थोडी वर घेतली. उतार सुरू झाला, वेग वाढला, खाली ती मुलगी रेक घेऊन उभी दिसली, आणि मी ब्रेक दाबला.

मागची दोन्ही चाकं उचलली गेली. फार नाही, वीतभर असेल. पण चाक हवेत असलं की ब्रेकला काही अर्थ उरत नाही. गाडी पुढच्या दोन चाकांवर घसरत, थोडी तिरकी होत, आठ-दहा फूट गेली. मग बकेटचा ओठ खडीत रुतला, धाडकन मागची चाकं खाली आपटली आणि सगळं थांबलं. मुलगी रेक टाकून गवतात पळाली होती. तिचा बाप काही बोलला नाही. त्याने फक्त येऊन इंजिन बंद केलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आता गणित. एटीव्ही साधारण ३२० किलोची, मी ७५ किलोचा. दोन्ही आसांवर निम्मा-निम्मा भार धरला तर मागच्या चाकांवर २०० किलोच्या आसपास. दोन आसांमधलं अंतर सव्वा मीटरच्या जरा वर, आणि बकेटमधला माल पुढच्या आसाच्या पुढे अंदाजे ६० सेंटिमीटरवर लोंबकळतोय. हा शाळेतला तरफेचा धडा आहे. पुढचा आस म्हणजे टेकू. पुढे १०० किलो ठेवले की मागच्या चाकांवरचे ४५-४७ किलो कमी होतात आणि पुढच्या चाकांवर १०० नाही, जवळजवळ दीडशे किलो वाढतात.

बकेट ५ घनफुटांची, म्हणजे सुमारे १४० लिटर. ओली खडी लिटरला दोन किलोच्या जरा खाली भरते. म्हणजे काठोकाठ बकेट अडीचशे किलोच्या पुढे, शिवाय बकेटचं स्वतःचं वजन वेगळं. सपाटीवर उभं असतानाच मागच्या चाकांवर ६० किलोच्या आसपास उरले होते. त्यात उतार, त्यात उंच धरलेली बकेट, त्यात ब्रेक. चाकं उचलली गेली यात आश्चर्य नाही. आश्चर्य हे की मी आज बसून हे लिहितोय. बकेटच्या पुस्तिकेत कमाल वजन ९० किलो लिहिलेलं होतं. पुस्तिका गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली.

मुळात बकेटने काम कसं करावं यासाठी वेगळी गाडी घडवावी लागते. १९५७ मध्ये मिनेसोटातल्या रॉथसे गावच्या केलर बंधूंनी टर्कीचे गोठे साफ करायला एक छोटा लोडर बनवला. पुढे त्यातूनच बॉबकॅट उभी राहिली, जी आज जगभर स्किड-स्टीअर म्हणून चालते. त्या यंत्राची रचना बघा. इंजिन मागे, म्हणजे वजन मागे. चाकांना स्प्रिंग सहसा नसतातच. आणि एवढं करूनही नियम असा की जितक्या वजनाला यंत्र पुढे कलंडेल त्याच्या निम्मंच वजन उचलायचं.

एटीव्हीचं सगळं याच्या उलट. तिचे पूर्वज म्हणजे १९७० मधली होंडाची तीन चाकी यूएस ९०. खेळायला आणि भटकायला केलेली गाडी. स्प्रिंग मऊ, अंतर अरुंद, सीट लांब, कारण चालवणाऱ्याने अंग पुढे-मागे टाकून तोल सांभाळायचा हे गृहीत धरलंय. नाकावर अडीचशे किलो लादले की ७५ किलोचा माणूस कितीही मागे सरकला तरी काय होणार? आणि मऊ स्प्रिंग एका बाजूने दबली की गाडी अजूनच त्या बाजूला झुकते. या गाड्या उलटतात ही काही नवी बातमी नाही. तीन चाकींची विक्री अमेरिकेत १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर बंद पडली. चार चाकींवरही तिथे दर वर्षी शेकडो माणसं मरतात. ऑस्ट्रेलियाने तर ऑक्टोबर २०२१ पासून नव्या क्वाड बाइकला उलटल्यावर चालकाला वाचवणारी कमान सक्तीची केली, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी ती बसवण्याऐवजी तिथली विक्रीच थांबवली.

मग बकेट फेकून द्यायची का? नाही. पण त्याआधी अण्णांबद्दल सांगायला हवं.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, नेहमीप्रमाणे घरी फोन केला. आमचे वडील कराड तालुक्यातले, तरुणपणी बैलगाडीने कारखान्याला ऊस घालायचे. आईला कळू नये म्हणून मी जरा आवाज खाली करून त्यांना सगळं सांगितलं.

"मागं किती वजन हुतं?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"मागे मीच. पंच्याहत्तर किलो."

"आन् पुढं?"

"अडीचशेच्या वर असेल."

"आरं मग! गाडी भरताना आमी किती भरलं त्याच्या आधी कुठं भरलं ते बगायचो. मागं जास्त झालं की गाडी उलाळ होती, जू वर उचलतं. पुढं जास्त झालं की सगळं बैलांच्या मानंवर बसतं. आन् एक ध्यानात ठेव लेका. बैल वडतोय, उचलत न्हाई. वजन चाकावर असतंय."

चार वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाने यावर काय बोलावं? :) मी मुकाट्याने गाडीची पुस्तिका काढली. तिच्यात लिहिलंय की पुढच्या कॅरिअरवर जेमतेम ५० किलो, मागच्यावर त्याच्या दुप्पट, आणि मागे ट्रेलर जोडून ५०० किलोच्या वर ओढता येईल, सपाट जमिनीवर. तीच गाडी, तेच इंजिन. फरक एवढाच की ट्रेलरचं वजन ट्रेलरच्या चाकांवर. अण्णांनी पुस्तिका न वाचता सांगितलं तेच.

तर माझं मत. खडी, वाळू, ओली माती ही कामं बकेटची नाहीत, ट्रेलरची आहेत. बकेट आहे ती हलक्या आणि अवजड-दिसणाऱ्या मालासाठी. ताजा बर्फ, लाकडाचा भुसा, वाळलेली पानं, घोड्यांचं वाळलेलं शेण, पसरलेला ढीग सारखा करणं. ताज्या भुसभुशीत बर्फाची काठोकाठ बकेट पंधरा किलोच्या आसपास भरते. तिथे ती खरंच सुंदर काम करते, आणि ट्रॅक्टरवाल्यांनी हसण्यासारखं त्यात काही नाही. टणक जमीन खणायला ती वापरू नये, कारण दांड्या गाडीच्या पोटाखाली बांधलेल्या असतात आणि पहिली वाकते ती तीच जागा. बकेट नेताना जमिनीपासून वीतभरच वर ठेवावी. मागच्या कॅरिअरवर वाळूची दोन पोती टाकावीत. त्याने मागची चाकं जमिनीला टेकून राहतात, पण पुढच्या स्प्रिंगवरचा भार फारसा उतरत नाही, म्हणून पोती टाकली की पुढे अजून भरता येईल हा हिशेब करू नये. भरलेली बकेट घेऊन उतारावर जाऊच नये. आणि जिथे बकेट चालू आहे तिथे समोर कुणी उभं असू नये, मग ते कितीही मदतीला आलेलं असो.

पण मला खरं म्हणायचंय ते याच्या पुढचं आहे. मी पुस्तिका वाचली नाही ही माझी चूक, मान्य. पण तो सगळा दोष माझा एकट्याचा आहे का? बकेट लिटरमध्ये बोलते आणि गाडी किलोमध्ये. आपल्या धंद्यात एखादा फॉर्म १४० पर्यंत आकडा घेत असेल आणि मागची सिस्टीम ४७ ला कोसळत असेल, तर आपण युजरला शिव्या देतो का? बग टाकतो. एवढी मोठी बकेट बघून माणूस ती भरणारच. "भरलं की थांबायचं" हीच भांड्याची भाषा असते.

पूर्वी हे सांगायला अंग होतं. घमेल्यात खडी जास्त झाली तर मान सांगते. इथली एकचाकी हातगाडी तर ६ घनफुटांची असते, म्हणजे या बकेटपेक्षा मोठी. पण तिच्यात कुणी काठोकाठ ओली खडी भरत नाही, कारण दांडे उचलतानाच मनगटं नको म्हणतात. विंचचं बटण असं काही म्हणत नाही. अंगठ्याला भुसा आणि खडी सारखीच लागते. यंत्राने आपले कष्ट वाचवले, त्याबरोबर आपली सूचनाही काढून घेतली. मग ती सूचना दुसरीकडून द्यायची जबाबदारी कुणाची? बनवणाऱ्याची, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मुलांच्या औषधाच्या टोपणाला आतून रेघा असतात. १४० लिटरच्या लोखंडी बकेटला का नसाव्यात?

काल परत गेलो होतो. जायला जरा जड गेलं, पण गेलो. उरलेली खडी ट्रेलरने, थोडी थोडी भरून, हळूहळू खाली नेली. पुढच्या वर्षी ट्रकवाल्याला खालीच, कडेच्या मोकळ्या जागेत ढीग टाकायला सांगायचं ठरलंय. ही सुचायला सगळ्यात सोपी गोष्ट होती आणि सगळ्यात शेवटी सुचली. मग बकेट धुऊन वाळवली आणि आतून रंगाने रेघा मारल्या. खडीसाठी लाल, तळापासून एक तृतीयांशावर. मातीसाठी पिवळी, निम्म्याच्या जरा खाली. कंपोस्ट जवळजवळ काठापर्यंत चालतं, तिथे हिरवी. बर्फ आणि भुशाला रेघ नाही.

ब्रश त्या मुलीने धरला होता. मी फक्त टेप लावून आकडे सांगत होतो. लाल रेघ तिने दोनदा मारली, जाड.