पाहुण्यांना गाणं म्हणून दाखव बरं!

दोस्तांनो, घरी पाहुणे आले की एक प्रसंग हमखास घडतो. चहा-पोहे होतात आणि आई हळूच म्हणते, "बाळा, काकांना ते शाळेतलं गाणं म्हणून दाखव बरं!" मग आपण पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत, खाली मान घालून कसंबसं गाणं उरकतो.

आजची गोष्ट अशाच एका पाहुण्याची आहे. फरक एवढाच, की तिथे गाणं म्हणून दाखवलं चक्क एका संगणकानं!

ठिकाण होतं अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं मरे हिल. टेलिफोन कंपनीची प्रसिद्ध बेल प्रयोगशाळा तिथे होती. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला तो इथेच. यजमान होते शास्त्रज्ञ जॉन पियर्स. 'ट्रान्झिस्टर' हे नावही त्यांनीच सुचवलेलं! आणि पाहुणे होते श्रीलंकेत राहणारे विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क.

या दोघांचं गूळपीठ जमलं यात नवल नव्हतं. उपग्रहांमार्फत जगभर संदेश पाठवता येतील, असा लेख क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहिला होता. तेव्हा आकाशात माणसानं सोडलेला एकही उपग्रह नव्हता. पुढे पियर्स यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार केला आणि १९६० सालचा 'एको' व १९६२ सालचा 'टेलस्टार' या उपग्रहांच्या कामात मोठा वाटा उचलला. शिवाय पियर्स स्वतः टोपणनावानं विज्ञानकथा लिहीत. म्हणजे यजमानही अर्धा लेखकच!

क्लार्क यांनी या प्रयोगशाळेत आधी एक गंमत पाहिली होती. क्लॉड शॅनन या गणितज्ञाच्या टेबलावर एक लाकडी पेटी असे. तिचं बटण चालू केलं की झाकण उघडायचं, आतून एक हात बाहेर यायचा, बटण बंद करायचा आणि पुन्हा आत गडप! बस्स, एवढंच काम.

पण खरी मेजवानी पुढेच होती. १९६१ साली तिथल्या आयबीएम ७०४ या खोलीभर पसरलेल्या संगणकाकडून 'डेझी बेल' हे जुनं इंग्रजी गाणं म्हणवून घेण्यात आलं होतं. आवाजाचं काम जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांचं. साथसंगत मॅक्स मॅथ्यूज यांची. पियर्स यांनी ते गाणं आपल्या मित्राला ऐकवलं.

तुम्ही म्हणाल, टेलिफोन कंपनीला हा उद्योग कशाला हवा? कारण बोलणं नेमकं कशाचं बनतं हे कळलं, तर त्याच तारेतून जास्त लोकांची बोलणी पाठवता येतील. गाणं ही गंमत होती, पण तिच्या मागचा प्रश्न कामाचा होता.

आता एक करून पाहा. गळ्यावर बोटं ठेवा आणि लांब 'आ' म्हणा. कंप जाणवला? तो स्वरतंतूंचा. आता न थांबता 'आ'चा 'ई' करा. कंप तसाच राहतो, बदलतो तो तोंडाचा आणि जिभेचा आकार. मग नुसता 'स्‌ऽऽ' म्हणा. कंप गायब!

गळ्यापासून ओठांपर्यंतची ही वाट मोठ्या माणसात साधारण १७ सेंटिमीटर लांब असते. केली आणि लॉकबॉम यांनी ती एकापुढे एक जोडलेल्या लहान-मोठ्या नळ्यांसारखी मानली. प्रत्येक सांध्यावर ध्वनिलहर थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. संगणकानं हा हिशेब केला. त्यातून आकडे मिळाले आणि दुसऱ्या यंत्रानं त्या आकड्यांचा आवाज केला. आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा होता, पण शब्द कळत होते!

पाहुणे ते विसरले नाहीत. स्टॅनली कुब्रिक यांच्याबरोबर क्लार्क यांनी लिहिलेला '२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट १९६८ साली आला. त्यात हॅल नावाचा यानातला संगणक अंतराळवीरांच्या जिवावर उठतो. शेवटी उरलेला अंतराळवीर त्याची स्मृती एकेक करून काढून घेतो, तेव्हा हॅल तेच 'डेझी बेल' गाऊ लागतो. आवाज जड होत होत बंद पडतो. इतका वेळ त्याचा राग आलेला असतो, आणि नेमकं तेव्हा पोटात कालवतं.

हॅलचं नाव जगभर झालं. केली, लॉकबॉम आणि मॅथ्यूज ही नावं मात्र थोड्यांनाच ठाऊक आहेत. आज फोन आपल्याशी मराठीत बोलतो, तेव्हा त्याच्याही मागे अशी कितीतरी माणसं असतात. "वा, काय यंत्र आहे!" म्हणताना "केलं कुणी?" हेही विचारायला हवं ना?

आणि आई-बाबांनो, एक विनंती. पाहुण्यांसमोर मुलांना पाठ झालेलं गाणं म्हणायला जरूर सांगा; पण त्यांनी जमवलेला अर्धामुर्धा, घरघर करणारा प्रयोगही दाखवू द्या. "पसारा आवर, पाहुणे आलेत" असं पियर्स म्हणाले असते, तर हॅल गायला असता का?