सॉफ्टवेअर आमचं, अंक आमचे, मग किल्ली दुसऱ्याकडे का?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे आणि थोडी कॉम्प्युटरची आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. कारण तुमची जाहीर नोटीस, तुमचा दाखला, तुमच्या पतसंस्थेचा हिशेब, यातलं काहीतरी कुठल्यातरी जुन्या मशीनमध्ये अडकलेलं असणारच.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात आल्या. २००७ साली त्यांच्या जमिनीच्या वाटणीची जाहीर नोटीस आमच्या अंकात छापून आली होती. आता भावकीत दावा उभा राहिलाय आणि वकिलाने तो अंक मागितलाय. "भाऊ, तुमच्याकडं असंलच की!" असायलाच पाहिजे. पण त्या वर्षाची बांधलेली फाईल वाळवीने खाल्लेली. उरली होती ती पेजमेकरमधली फाईल, जुन्या कॉम्प्युटरवर. आणि त्याचा मदरबोर्ड महिनाभरापूर्वीच विजेच्या खेळात जळाला होता.

हार्डडिस्क शाबूत होती. बाजारपेठेतला रिपेअरिंगवाला पोरगा म्हणाला, "सर, टेन्शन नको, व्हर्च्युअल मशीन करू." म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. डिस्कची कॉपी काढली, मूळ डिस्क कपाटात ठेवली. पहिल्या दिवशी नुसती निळी स्क्रीन, ७बी नंबरची एरर. व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क साटाला जोडली होती, जुन्या विंडोज एक्सपीला आयडीई हवं होतं. ते बदललं आणि एक्सपी उघडलं. ऑफिसात टाळ्या!

टाळ्या दोन मिनिटं टिकल्या. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर म्हणालं, हे नोंदणी केलेलं मशीन नाही. आणि फॉन्टच बंद म्हटल्यावर पानावर मराठी कुठली? त्या काळचे फॉन्ट मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर ठेवायचे. फॉन्ट गेला की अख्खा अंक म्हणजे इंग्रजी अक्षरांचा भुसा.

कंपनीला फोन केला. उत्तर: ते व्हर्जन बंद झालं, परवाना दुसऱ्या मशीनवर जाणार नाही, नवीन घ्या. जुन्या फायली नव्यात उघडतील का? "गॅरंटी देता येणार नाही."

भानगड अशी होती. बटण दाबल्यावर कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आधी जागा होतो तो बायोस. बोर्ड कुठल्या कंपनीचा, मॉडेल कोणतं, सिरियल नंबर काय, हे तो सांगतो. आमच्या सॉफ्टवेअरने नोंदणीच्या वेळी तेच टिपून ठेवलं होतं. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा वेगळा बायोस असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो कंपनीचं नाव 'इनोटेक' आणि मॉडेल 'व्हर्च्युअलबॉक्स' असं सांगतो. आमचं सॉफ्टवेअर त्याला ओळखणार कसं?

ही माहिती बदलता येते. त्यासाठी 'व्हीबॉक्समॅनेज' नावाची कमांड आहे. जुन्या कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून आणि नोंदणीच्या फॉर्मवरून आम्ही कंपनी, मॉडेल, सिरियल उतरवून घेतलं. पोराने ते भरलं. काहीच फरक नाही, एररसुद्धा नाही. मग लक्षात आलं, कमांडच्या वाटेत 'ईएफआय' लिहिलं होतं, आमचं मशीन जुन्या 'पीसीबायोस'वर चालणारं. ते दुरुस्त केलं तर मशीन चालूच होईना! आमचा सिरियल नंबर नुसत्या आकड्यांचा होता. आकड्यांच्या आधी 'स्ट्रिंग:' असं लिहावं लागतं, नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स त्याला अक्षरांऐवजी संख्या समजतो आणि अडून बसतो. शिवाय प्रत्येक बदलानंतर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं, नुसतं गोठवून ठेवलं तर जुनीच माहिती राहते. तीन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री फॉन्ट उघडला, २००७ चा अंक उघडला, नोटीस सापडली.

आता मुद्द्याचं बोलतो.

हे सॉफ्टवेअर आम्ही चोरलं नव्हतं. पैसे मोजून, पावती घेऊन आणलं. अंक आमचे, बातम्या आमच्या, नोटिसा लोकांच्या. तरी स्वतःचा अंक वाचायला आम्हाला स्वतःच्याच कॉम्प्युटरला खोटं नाव सांगावं लागलं. हा कुठला न्याय? घर विकत दिलं आणि कुलूप बिघडल्यावर म्हणाले, किल्ली मिळणार नाही, दुसरं घर घ्या!

कुणीतरी म्हणणार, पत्रकार पायरसीचं समर्थन करतोय. नाही. ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्यासाठी कुलूप तोडणं ही चोरीच. सिरियल बदलून एका परवान्यावर दहा मशीन चालवणारे महाभागही आहेत, त्यांची वकिली मी करत नाही. पण आपला कॉपीराइट कायदा, १९५७ चा, कलम ५२ उघडून बघा. ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, त्याला तो ज्या कामासाठी दिला गेला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून प्रत काढायची, त्यात फेरफार करायची मुभा तिथे आहे. २०१२ साली आलेलं ६५अ कलम कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. म्हणजे प्रामाणिक गिऱ्हाईक कोण आणि चोर कोण, हा फरक कायद्याला कळतो. कंपन्यांच्या कुलपाला कळत नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. चांगलंच केलं. पण ट्रॅक्टरचा स्पेअर पार्ट मिळाला पाहिजे हे जसं पटतं, तसं बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची किल्ली मिळाली पाहिजे हे कधी पटणार?

आणि आमचंही चुकलंच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आम्ही मात्र "पान लावायला सोपं पडतं" म्हणत जुन्याच फॉन्टला चिकटून राहिलो. अंक पीडीएफ करून ठेवायला कुणी अडवलं होतं? आळस. वाळवीला नावं ठेवून उपयोग नाही.

म्हणून नगरपालिका, पतसंस्था, शाळा, सगळ्यांना जाहीर विनंती. सॉफ्टवेअर घेताना करारात दोन ओळी लिहून घ्या: आमचा डेटा कधीही उघड्या फॉरमॅटमध्ये काढून मिळेल, आणि विक्री बंद झाली तर कुलूप काढून मिळेल. जुनं मशीन चालू आहे तोवरच बायोसमधली कंपनी, मॉडेल, सिरियल कागदावर उतरवून ठेवा आणि डिस्कची कॉपी काढा. एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवाल तर इंटरनेटला जोडू नका, त्याची सुरक्षा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच थांबवली.

मावशींना पानाची प्रिंट दिली. ती पदराखाली धरून पावसातच निघाल्या. पुढचं कोर्ट बघेल. आता आम्ही रोज रात्री दोन-दोन अंक पीडीएफ करतोय. ज्यांच्या ऑफिसात असं जुनं मशीन धूळ खात पडलंय, त्यांनी कमेंटमध्ये सांगा. जळायच्या आधी सांगा.