रुरिको कुठे गेली?

लोकप्रिय मालिकांविषयी मराठीत गंभीरपणे लिहिले जात नाही, ही तक्रार जुनी आहे. आता तसे लेखन होऊ लागले आहे. आणि त्यातले बरेचसे वाचल्यावर पूर्वीचे मौनच बरे होते असे म्हणावेसे वाटते. या लेखनाच्या दोन तऱ्हा ठळकपणे दिसतात. एक तऱ्हा हिशेबनिसाची. कोणते पात्र मध्येच नाहीसे झाले, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला याची यादी करावयाची आणि तिला 'रचनादोष' असे नाव द्यावयाचे. दुसरी तऱ्हा अधिक विद्वत्तापूर्ण भासते. तिला प्रत्येक सुटलेल्या धाग्यात 'मुक्त संहिता' दिसते आणि प्रत्येक भगदाडात विरचनेची शक्यता. पहिलीच्या लेखी सैल जागा हा आपोआप दोष, दुसरीच्या लेखी आपोआप गुण. ती जागा कृतीत कोणते कार्य करते, हे पाहण्याची गरज दोघींनाही वाटत नाही.

उदाहरण मुद्दामच दूरचे घेतो. आपल्याकडे दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' पाहिलेली एक पिढी आहे. ती मालिका ज्या तोएई कंपनीने १९६७-६८ मध्ये काढली, तिचीच 'कामेन रायडर' ही मालिका एप्रिल १९७१ ते फेब्रुवारी १९७३ या काळात जपानमध्ये ९८ भागांत प्रक्षेपित झाली. मूळ कल्पना चित्रकथाकार इशिनोमोरी शोतारो यांची. शॉकर ही गुप्त संघटना होंगो ताकेशी या विद्यार्थ्याला पळवून नेते आणि शस्त्रक्रियेने त्याचे अर्धे यंत्र, अर्धा कीटक असे रूपांतर करते. या कामी शॉकरच्या ताब्यातील शास्त्रज्ञ डॉ. मिदोरिकावा यांचाही हात असतो. तेच पुढे त्याला निसटून जाण्यास मदत करतात आणि मारले जातात. त्यांची मुलगी रुरिको होंगोलाच खुनी समजते. गैरसमज लवकरच दूर होतो, परंतु त्याखालचा प्रश्न उरतोच. ज्याने आपल्याला माणूस म्हणून संपविले आणि वाचविलेही, त्याच्या मुलीकडे नायकाने कसे पाहावे? आपल्या पित्याच्या अपराधाचे चालतेबोलते प्रमाण असलेल्या पुरुषाशेजारी तिने कसे उभे राहावे? बालमालिकेच्या मानाने हा फार मोठा ऐवज आहे.

त्यानंतर घडले ते कथेबाहेर. पहिल्या काही भागांच्या चित्रीकरणातच नायक फुजिओका हिरोशी मोटारसायकलवरून पडले व त्यांच्या मांडीचे हाड मोडले. काही भाग जुन्या चित्रणाचे तुकडे जोडून आणि दुसऱ्याचा आवाज वापरून निभावले. चौदाव्या भागापासून इचिमोन्जी हायातो हा दुसरा रायडर आला. होंगो शॉकरशी लढण्यासाठी युरोपात गेला असे सांगण्यात आले. रुरिकोही त्याच्यापाठोपाठ गेली. होंगो पुढे परततो, प्रथम पाहुणा म्हणून आणि नंतर पुन्हा मुख्य नायक म्हणून. रुरिको मात्र परतत नाही.

हिशेबनीस येथे दोन नोंदी करील: नायक मध्येच बदलला, नायिका मध्येच गेली. त्याच्या वहीत दोन्हींची किंमत सारखीच. वस्तुतः एकाच अपघातातून निघालेल्या या दोन गोष्टी गुणवत्तेच्या दृष्टीने परस्परविरुद्ध टोकांना आहेत. इचिमोन्जी आला तो केवळ भरणा म्हणून आला असे नाही. रायडर हे एका माणसाचे नाव न राहता ती एक वारशाने चालणारी भूमिका झाली. आणि रूपांतरापूर्वी हातांनी घ्यावयाचा जो आविर्भाव पुढे या संपूर्ण प्रकाराची खूण ठरला, तोही इचिमोन्जीबरोबरच आला. अडचणीचे येथे तत्त्व झाले. रुरिकोच्या बाबतीत मात्र संहितेने काहीच केले नाही. तिची अनुपस्थिती कोणाला बोचत नाही, ती कोणत्याही प्रसंगाला वळण देत नाही. ही रिकामी जागा 'बोलते' असे म्हणणाऱ्याने ती कोणत्या भागात, कोणत्या वाक्यात बोलते हे दाखवावे. स्त्रीपात्राचे मौन आणि स्त्रीपात्राचा लेखकाला पडलेला विसर यांतला फरक ज्या समीक्षेला सांगता येत नाही, तिने स्त्रीवादी परिभाषा वापरण्याची घाई करू नये.

यावर एक जुना बचाव संभवतो. भरताने पताका गर्भ वा विमर्श संधीपर्यंतच चालते असे सांगितले आहे. उपकथानकातील पात्राने शेवटपर्यंत टिकलेच पाहिजे असे नाही. मान्य. परंतु पताका निवृत्त होते ती आपले कार्य करून. रुरिकोचे कार्य तर नुकते सुरू झाले होते.

आणि शास्त्राचाच आधार घ्यावयाचा तर नीट घ्यावा. ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने वेणीसंहाराच्या दुसऱ्या अंकातील 'विलास' हे संध्यंग केवळ शास्त्राज्ञेखातर योजल्याबद्दल दूषणीय ठरविले आहे. परंपरेने आलेले इतिवृत्त रसाला अनुकूल नसेल तर ते सोडून कवीने दुसरी कल्पना करावी असेही तो तेथेच सांगतो. आणि त्यासाठी कालिदासाच्या जोडीला दाखला देतो तो सर्वसेनाच्या 'हरिविजया'चा. सर्वसेन हा वत्सगुल्म शाखेचा वाकाटक राजा आणि वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशीम. या नावाचा आमच्याकडे स्वागतपर भाषणांत फार उपयोग होतो; त्यामागच्या सिद्धान्ताचा उपयोग समीक्षेत झालेला विरळाच दिसतो. त्या सिद्धान्तानुसार कवीला हाती आलेले इतिवृत्त बंधनकारक नाही. मग मोडलेले हाड, निघून गेलेली नटी, संपलेला पैसा हेही एका अर्थी 'हाती आलेले'च. त्यांचे काय केले, एवढाच समीक्षेचा प्रश्न. ('हरिविजय' आज उपलब्ध नाही, अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतील उद्धरणांतून आणि उल्लेखांतूनच ते कळते. त्यामुळे सर्वसेनाने नेमके काय सोडले हे पूर्णपणे ताडून पाहता येत नाही, ही आमची स्थानिक हानी.)

आमचे काही ज्येष्ठ म्हणतील, दूरदर्शनच्या मालिकेला एवढी मोठी मापे कशाला? त्यांना हरिभाऊ आपट्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. 'करमणूक' साप्ताहिक १८९० मध्ये निघाले आणि हरिभाऊंनी त्यात कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. काही अपूर्णच राहिल्या. त्यांच्या पाल्हाळाचे व शिथिल बांधणीचे स्पष्टीकरण आपण दर आठवड्याच्या निकडीने देत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. मात्र तीच निकड जपानी मालिकेत दिसली की ती 'बाजारूपणा' ठरते. निर्मितीची परिस्थिती हरिभाऊंच्या बाबतीत समजून घ्यावयाची आणि इशिनोमोरींच्या बाबतीत नाक मुरडावयाचे, याला कोणताही सैद्धान्तिक आधार नाही. शिवाय परिस्थिती सांगितली म्हणजे मूल्यमापन झाले असेही नव्हे. अपघाताने इचिमोन्जीचे श्रेय कमी होत नाही, तसेच रुरिकोच्या बाबतीतील हलगर्जी क्षम्य होत नाही.

आन्नो हिदेआकी यांनी २०२३ मध्ये 'शिन कामेन रायडर' हा चित्रपट केला. त्यात रुरिको कथेच्या केंद्राजवळ आहे. त्यामुळे जुनी उणीव 'भरून निघाली' असे म्हणण्याचा मोह होईल. उत्तरसंहितेने पूर्वसंहिता पुन्हा लिहिली वगैरे वाक्येही तयारच आहेत. पण आन्नो यांना ती भूमिका नव्याने रचावी लागली, यातच १९७१ च्या मालिकेवरील अभिप्राय आला. दोन कृती आहेत. पहिलीचा हिशेब दुसरीच्या खात्यात मांडता येत नाही. शोधप्रबंधासाठी मालिका निवडणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम तेरावा व चौदावा भाग लागोपाठ पाहावेत आणि रुरिको नेमकी कोणत्या वाक्याने निरोपाविना घालविली जाते ते टिपून घ्यावे. देरिदा त्यानंतर काढावा.