तूप सोडलं, पण मिठाचं काय?

मंडळी, एका वाक्याशी माझं भांडण आहे. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय, आता बीपीची गोळी कशाला?" पनवेलच्या आमच्या गोतावळ्यात साखरपुड्यापासून बाराव्यापर्यंत कुठेही हे ऐकू येतं. वर "मी तर तूपही सोडलं" असा अभिमान!

अहो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोलेस्टेरॉल हा रक्तातला मेणचट पदार्थ, तर बीपी म्हणजे धमन्यांच्या भिंतींवर पडणारा रक्ताचा दाब. एकासाठी रक्त द्यावं लागतं, दुसऱ्यासाठी दंडाला पट्टा बांधावा लागतो. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला कसा चालेल?

दोघांचा संबंध नाही असं नाही. वाढलेल्या दाबाने धमन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, मग तिथे कोलेस्टेरॉल साठायला वाव मिळतो आणि धमनी कडक, अरुंद होत जाते. दोन्ही एकाच माणसात असतील तर हार्ट अटॅकचा धोका आणखी वाढतो. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासातून दिसलं की दोन्ही आपापल्या परीनेही घातक आहेत. म्हणजे एक सुधारलं म्हणून दुसऱ्याला माफी नाही.

हा गोंधळ पाकिटांनी वाढवला, असं माझं स्पष्ट मत आहे. शेंगदाणा तेलावर "कोलेस्टेरॉल फ्री" छापतात. वनस्पती तेलात ते असतं कधी? केळ्यावर "यात काटे नाहीत" असं लिहिण्यातला प्रकार! हेच शब्द वेफर्सच्या पाकिटावर दिसले की आपण निर्धास्त होऊन अख्खं पाकीट संपवतो. त्यातलं मीठ कोण मोजतं? जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक चमचा. आपल्याकडे पापड, लोणचं, फरसाण आणि पावसाळ्यात खारवलेली मासळी यांतच ते उडून जातं. बीपीवाल्याने तूप सोडलं आणि लोणच्याची फोड तशीच ठेवली, तर त्याने नक्की काय सोडलं?

सगळ्यात वाईट म्हणजे परस्पर गोळी बंद करणं. "मला काही त्रास होत नाही," म्हणे. बीपी बहुतेकदा त्रास देतच नाही, थेट पक्षाघात किंवा किडनीच्या आजारातून प्रकट होतं. आणि गोळी घेऊन आकडा १३०/८० आला, तर ते श्रेय गोळीचं असतं. छत्रीखाली कोरडे आहोत म्हणून भर पावसात छत्री मिटायची का?

तेव्हा काका, मावशी, आत्या, रागावा हवं तर. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवा आणि गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारूनच. पंगतीतल्या शेजाऱ्याला विचारून नव्हे.