इशायचे झाड आणि राजाचे झाड

कुलाभिमानाला धर्माचे वस्त्र चढवले की तो पुण्यासारखा दिसू लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. साक्षीला आम्ही एक अतिशय सुंदर चित्रग्रंथ आणतो.

1530 साली पोर्तुगालचा राजपुत्र फर्नांदो याने आपल्या घराण्याचा वंशवृक्ष रंगवून घ्यावयास काढला. रेखाटने लिस्बनच्या आंतोनियो द होलांदाची, रंगकाम फ्लँडर्सच्या विख्यात सिमोन बेनिंगचे. मध्यस्थ दामियांव द गोइश लिहितो की, हे झाड थेट नोहापासून राजपुत्राचा पिता राजा मान्युएल याच्यापर्यंत काढावयाचे होते! ती पाने आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फांद्याफांद्यांवर राजे-राण्या, कडांना लढाया आणि नगरे. त्या कलेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. आमचे भांडण तिच्याकडून करून घेतलेल्या चाकरीशी आहे.

वंशाचे असे झाड ख्रिस्ती कलेला नवे नव्हते. मध्ययुगीन चर्चच्या काचचित्रांत निजलेल्या इशायच्या देहातून झाड उगवते आणि शेंड्यावर पवित्र मरिया व ख्रिस्त विराजतात. तो शेंडा राजांनी स्वतःसाठी बळकावला. संत मत्तय प्रभूच्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांना लपवीत नाही. राजाला मात्र नोहा हवा होता. वास्तविक या घराण्याचा संस्थापक पहिला जुआंव हा अनौरस पुत्र. 1385 साली कुइंब्राच्या सभेने त्याला राजा म्हणून निवडले, म्हणून तो गादीवर आला.

पुढे काय झाले? 1534 साली फर्नांदो वारला आणि ग्रंथ अपुराच राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने त्याच्या भावाच्या, म्हणजे तिसऱ्या जुआंवच्या, सत्तेला वसई दिली. 1580 साली कार्डिनल-राजा एन्रिक निःसंतान वारला आणि गादी स्पेनच्या फिलिपकडे गेली. नोहापर्यंत मुळे नेलेले झाड अर्ध्या शतकात वठले.

त्या सत्तेची आडनावे वसईपासून गोव्यापर्यंत आम्ही आजही लावतो. तिचा हा रोगही आम्ही जपला आहे काय? विवाह जुळवताना 'मूळ घराणे कोणते, धर्मांतरापूर्वीची जात कोणती' ही कुजबुज आमच्या धर्मग्रामांतून अद्याप पुरती गेलेली नाही. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी दोन कुटुंबे सोयरिकीच्या बैठकीत परकी होतात.

संत पौलाने रोमकरांस लिहिताना आपणां परराष्ट्रीयांना कलम केलेली रानटी जैतुनाची फांदी म्हटले आहे. स्नानसंस्काराने ख्रिस्ताच्या झाडाला जोडलेल्या फांदीने आपल्या जुन्या बुंध्याचा गर्व कोणत्या तोंडाने करावा?